कोऱ्या सहा ओळी

कंपनीला उत्तर आधीच ठाऊक होतं. ते कुणातरी बाहेरच्या माणसानं आलेख काढून, चांगल्या इंग्रजीत सांगायला हवं होतं, एवढंच. त्यासाठी तिनं पुण्यातल्या तीन पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दहा आठवड्यांचं काम दिलं.

असली कामं आता नवलाची राहिलेली नाहीत. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत पीएच.डी. करणाऱ्या मुलांनी सल्लागार मंडळं काढली आहेत. लहान औषध कंपन्या त्यांना प्रश्न देतात, मुलं बाजार धुंडाळून उत्तर आणतात. आपल्याकडे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात 2007 साली नव्या कंपन्यांना हात देणारं व्हेंचर सेंटर सुरू झालं, 2012 साली केंद्र सरकारनं जैवतंत्रज्ञानातल्या उद्योगांना मदत करणारं बायरॅक काढलं, आणि जीवशास्त्र शिकलेल्या पोरांनी स्वतःची कंपनी काढावी ही गोष्ट वेडेपणाची राहिली नाही. अशा कंपन्यांना मोठा सल्लागार परवडत नाही, विद्यार्थी परवडतो. विद्यार्थ्याला प्रमाणपत्र मिळतं, जमलं तर नोकरीसुद्धा. यात वाईट काही नाही. फक्त प्रश्न विचारणारा आणि प्रमाणपत्र देणारा एकच असतो, तेव्हा थोडं सांभाळावं लागतं.

या गोष्टीतल्या कंपनीला नाव नाही, आणि तेच बरं. ती सोयाबीनचं जिवाणू खत विकायची. रायझोबियम जातीचे हे जिवाणू शेंगवर्गीय पिकाच्या मुळांवर गाठी करतात आणि हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. 1888 साली हॉलंडमधल्या बायरिंक यांनी ते पहिल्यांदा वेगळे काढून वाढवले. हरभऱ्याचे जिवाणू सोयाबीनला चालत नाहीत, सोयाबीनचे हरभऱ्याला नाहीत. ज्याचं त्यालाच लागतं. काळसर भुकटीत मिसळलेले जिवाणू अडीचशे ग्रॅमच्या पुड्यात येतात, एक पुडा दहा किलो बियाण्याला पुरतो. सरकारनं 2006 साली जिवाणू खतं खत नियंत्रण आदेशाखाली आणली. त्या नियमानुसार भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान पाच कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. यातला ‘जिवंत’ हा शब्द पुढे कामाला येणार आहे.

कंपनीचा पुडा बीड जिल्ह्यात पहिल्या वर्षी चांगला खपला. दुसऱ्या वर्षी खप निम्म्यावर आला, तिसऱ्या वर्षी त्याहून खाली गेला. विक्री विभागाच्या साहेबांचं निदान ठरलेलं होतं: शेतकऱ्याला जैवतंत्रज्ञान कळत नाही. तो बुरशीनाशक आणि जिवाणू एकाच घमेल्यात कालवतो, जिवाणू मरतात, मग खताच्या नावानं बोटं मोडतो. तेव्हा विद्यार्थ्यांनी एक तालुका निवडावा, शेतकऱ्यांचं अज्ञान मोजावं आणि जाहिरातीचा आराखडा करून द्यावा.

तालुका केज निवडला, गाव नांदूरघाट. बालाघाटाच्या रांगेतलं गाव, खरिपाला सोयाबीन, आणि पहिल्या वर्षी इथल्या एकाच कृषी सेवा केंद्रातून कंपनीचा पुष्कळ माल गेलेला. मुलं ऑगस्टमध्ये आली हे बरं झालं. दसऱ्यानंतर आली असती, तर यातली बरीच घरं ऊसतोडीला गेलेली असती आणि कुलपांनाच फॉर्म भरून द्यायला सांगावं लागलं असतं.

तिघांना त्यांच्या वसतिगृहात गावाच्याच नावानं हाक मारत, तीच इथंही चालवू. मुंबईकर हा म्होरक्या. बोलण्यात तरबेज, कंपनीत नोकरी लागावी ही इच्छा त्यानं लपवली नव्हती. कोल्हापूरकर शेतकऱ्याच्या घरातला, कमी बोलणारा. आणि परभणीकर मुलगी, जिची दोन वर्षं प्रयोगशाळेत काचेच्या ताटल्यांवर वाढलेल्या जिवाणूंच्या वसाहती मोजण्यात गेली होती.

फॉर्म कंपनीनंच तयार करून दिला होता. जिवाणू खतांचे फायदे माहीत आहेत का, हो की नाही. बीजप्रक्रिया योग्य क्रमानं करता का, हो की नाही. आमच्या उत्पादनाबद्दल समाधान, एक ते पाच. पहिल्या दिवशी मुंबईकरानं झपाट्यानं फॉर्म भरले आणि संध्याकाळी बघितलं, तर समाधानाच्या रकान्यात सगळीकडे चार. कुणी पाच दिले नव्हते, कुणी तीन दिले नव्हते. चहा पाजलेल्या पाव्हण्याला नापास कोण करणार? पाच दिले तर खोटं वाटेल, तीन दिले तर मन मोडेल, म्हणून चार. मुंबईकर खूश झाला. परभणीकर म्हणाली, “समाधान चार असेल, तर खप का पडला?” त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्याला ते फारसं नकोही होतं.

दुसऱ्या दिवशी ते आबांच्या रानात गेले. आबा सत्तरीच्या आसपासचे, चार एकर सोयाबीन, धुऱ्याला तुरीच्या ओळी.

“या साहेब,” आबा म्हणाले. “काय लिहायलात?”

“आबा, जिवाणू खताबद्दल विचारायचं होतं. बीजप्रक्रिया कशी करता?”

“आधी बुरशीचं औषध चोळायचं. मग कीड न लागायचं. ते सुकलं की गुळाच्या पाण्यात पुडा कालवून बियाला लावायचा, सावलीत पसरायचा, लगीच पेरायचं. उन्हात टाकलं की गेलं.”

क्रम अगदी पुस्तकातला. कोल्हापूरकरानं ‘हो’वर खूण केली. गावात दोघांनी मात्र खरोखरच सगळं एकत्र कालवलं होतं, आणि तसं सरळ कबूलही केलं होतं. म्हणजे साहेबांचं निदान अगदीच हवेतलं नव्हतं. पण खप निम्म्यावर आणायला दोघं पुरत नाहीत.

“मग पुडा वापरायचं बंद कामून केलं?” कोल्हापूरकरानं विचारलं. दोन दिवसांत त्याच्या जिभेवर इथलं वळण चढलं होतं.

आबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, “फॉर्मात हाय का ते?”

“नाही.”

“मग सांगतो.”

पहिल्या वर्षी दुकानात बियाण्याच्या पिशवीबरोबर पुडा घ्यावाच लागायचा. नाही घेतला तर पिशवी शिल्लक नाही म्हणायचे. म्हणजे ज्या वर्षाच्या खपाचा आलेख कंपनी अभिमानानं दाखवत होती, त्या वर्षी गावानं पुडा मागितलेलाच नव्हता. आबांनी घेतला. पैसे गेलेच आहेत तर वापरून बघू, म्हणून सगळ्या रानाला लावला, आणि मधोमध तिफणीचे दोन फेरे, म्हणजे सहा ओळी, पुडा न लावता पेरल्या. खुणेला दोन्ही टोकांना बाभळीचे खुंट ठोकले. दीड महिन्यानं, फुलं धरायच्या सुमाराला, दोन्हीकडची झाडं मातीच्या ढेपेसकट खणून काढली आणि पाण्यात धुऊन मुळ्या बघितल्या.

“दोन्हीकडं सारक्याच गाठी. मग पुड्यानं केलं काय?”

मुंबईकराला यात काही विशेष वाटलं नाही. परभणीकर मात्र जागच्या जागी थांबली. खत दिलेलं आणि न दिलेलं रान शेजारी शेजारी ठेवून बघायचं, एवढंच शास्त्रज्ञाला करायचं असतं. त्यासाठी कंपनीच्या फॉर्ममध्ये ना रकाना होता ना कुणाला तो सुचला होता. आणि सातवी शिकलेल्या माणसानं ते खुंट ठोकून केलं होतं. शिवाय हे रान गेली कित्येक वर्षं सोयाबीनचं. त्यात मुळातले जिवाणू असतातच, थोड्या गाठी पुड्याशिवायही येतात. कोऱ्या ओळी नसत्या, तर आबांनाही वाटलं असतं की गाठी पुड्यानंच आल्या. जाहिरातीत असेच फोटो असतात.

आबांनी तिच्यासमोर एक झाड खणलं. तिनं गाठ नखानं चिरली. आतून गुलाबी निघाली, म्हणजे कामाची. पांढरी किंवा हिरवी असली तर झाडाला तिचा उपयोग नाही. गाठी मोजक्या होत्या. मग आबांनी बांधापलीकडचा एक तुकडा दाखवला. तिथल्या झाडांच्या मुळ्या गाठींनी लगडलेल्या.

“हे काय लावलं?”

“परभणीचं. मे मदी विद्यापीठाचा मेळावा असतो ना अठरा तारखेला, तिथून बाटली आणली व्हती.”

परभणीच्या कृषी विद्यापीठाची स्थापना 18 मे 1972 ची, आणि त्या दिवशीचा खरीप मेळावा मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांना पाठ आहे. पण बाटली मे महिन्यात आणली आणि पेरणी तर पाऊस झाल्यावर, जूनच्या शेवटी. मधले दिवस ती कुठं होती?

त्याचं उत्तर आबांच्या घरच्या माईंनी दिलं. त्या भाकरी घेऊन आल्या होत्या. “रांजणापाशी, वल्या गोणपाटात. जिवंत चीज हाय म्हणले तिथले साहेब. विरजण उन्हात ठिवलं तर लागंल का, पोरी?”

तिथून परभणीकर रानात थांबली नाही. सरळ दुकानात गेली आणि मालकाला म्हणाली, पुडे कुठं ठेवता ते दाखवा. मालक भला माणूस होता, किंवा साठलेल्या मालाला कंटाळलेला होता. त्यानं मागचं गोदाम उघडलं. वर पत्रा, खिडकी नाही, पुड्यांची खोकी पत्र्याखालीच रचलेली. ऑगस्टच्या ढगाळ दुपारीही आत घाम फुटत होता.

“मे महिन्यात इथं पाच मिनिटं उभं राहून दाखवा,” तो म्हणाला.

“पण माल मे महिन्यात इथं कशाला? पेरणी तर मृगानंतर.”

“माल मार्चमध्येच येतो, मॅडम. एकतीस मार्चच्या आत. त्यांचं टार्गेट असतं. गाडीतून उतरला की त्यांच्या वहीत विक्री झाली. परत घेत नाहीत. मग मी काय करू? दिला पिशवीबरोबर.”

सगळं आता एका ओळीत आलं होतं. आर्थिक वर्ष मार्चला संपतं म्हणून माल मार्चला निघतो. निघालेला माल पत्र्याखाली एप्रिल आणि मे काढतो, आणि बीडचा मे चाळिशीच्या वरचा. उरलेलं बियाण्याबरोबर गळ्यात मारलं जातं. पेरताना पुड्यात भुकटी असते, जिवाणू नसतात. मुदत सहा महिन्यांची असते, म्हणून पुड्यावरची तारीख मात्र खरी. दीड महिन्यानं कुणीतरी झाड उपटतो, चार घरांना सांगतो, आणि पुढच्या वर्षी पुडा कुणी घेत नाही. यात अडाणी कोण होतं, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

पण हे सगळं तर्कानं जुळलेलं होतं, आणि तर्कावर साहेब ऐकणार नव्हते. परभणीकरनं दुकानातून तीन सीलबंद पुडे पावती करून विकत घेतले आणि लॉट नंबर टिपून घेतला. प्रत्येक लॉटचा नमुना कंपनी आपल्या थंड खोलीत राखून ठेवते. मार्गदर्शक प्राध्यापकांकरवी त्याच लॉटचा पुडा कंपनीच्या उत्पादन विभागाकडून मागवला. दोन्हीकडचं एकेक ग्रॅम पाण्यात मिसळून, पुन्हा पुन्हा पातळ करून, काँगो रेड घातलेल्या माध्यमावर पसरलं. रायझोबियम तो लाल रंग फारसा घेत नाहीत, त्यांच्या वसाहती पांढरट राहतात. बाकीचे बरेच जंतू लाल होतात. त्यामुळे मोजताना घोळ कमी होतो. सोयाबीनचे जिवाणू मोठे सुस्त, आठवडाभर वाट बघायला लावतात.

त्या आठवड्यात ती ग्रंथालयात बसली आणि तिला शंभरेक वर्षांपूर्वीचं एक प्रकरण सापडलं. 1904 च्या सुमारास अमेरिकेच्या कृषी खात्यातले जॉर्ज मूर यांनी हेच जिवाणू कापसावर वाळवून पाकिटातून पाठवायची युक्ती काढली. खात्यानं पाकिटं वाटली, वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतली, एका खासगी कंपनीनं विकायला सुरुवात केली. मग न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा इथल्या प्रयोग केंद्रानं बाजारातली पाकिटं तपासली, तर कामाचे जिवाणू जवळपास नव्हतेच. मूर यांनी 1905 मध्ये खातं सोडलं. म्हणजे नांदूरघाटच्या गोदामात जे घडलं, ते या धंद्याला पहिल्यापासून माहीत आहे. तरीही शेतकऱ्याचं अज्ञान मोजायला माणसं पाठवावीशी वाटतात.

आठवड्यानं ताटल्या बाहेर आल्या. थंड खोलीतला पुडा नियमात बसत होता. पत्र्याखालचे तिन्ही, मुदत संपायची असूनही, कोटींवरून हजारांवर आले होते.

आता खरी अडचण आली, आणि ती मुंबईकराची होती. सादरीकरणाच्या आदल्या रात्री साहेबांचा फोन आला. त्यांना मसुदा मिळाला होता. जाहिरातीचा भाग छान आहे म्हणाले. गोदामाचा भाग मात्र आमच्या प्रश्नाच्या कक्षेत बसत नाही, तेवढा काढा. आणि हो, जानेवारीत आम्ही दोन जागा भरतोय. धमकी नव्हती. आवाजही मऊ होता. असे फोन मऊच असतात.

मुंबईकरानं दोघांना सांगितलं, आणि स्वतःचं मतही सांगितलं: काढू या. पैसे त्यांचे, प्रश्न त्यांचा. हवं तर परिशिष्टात घालू. कोल्हापूरकर म्हणाला, परिशिष्ट कुणी वाचत नाही म्हणूनच तू तिथं घालतोयस. परभणीकर भांडली नाही. तिनं आबांच्या घरचा फॉर्म त्याच्यापुढे ठेवला. समाधानाच्या रकान्यात चार. “आबांनी आपल्याला हे दिलं होतं,” ती म्हणाली, “कारण आपण पाव्हणे होतो. तू उद्या साहेबांना चारच देणार आहेस का?”

मुंबईकर बराच वेळ फॉर्मकडे बघत राहिला. तो वाईट मुलगा नव्हता. त्याला नोकरी हवी होती, आणि नोकरी हवी असणं हा काही गुन्हा नाही. पहाटे त्यानं क्रम बदलला: गोदाम पहिलं, जाहिरात शेवटी.

सादरीकरणाला त्यानं आलेख दाखवायच्या आधी दोन ताटल्या टेबलावर ठेवल्या, लॉट नंबर वर करून. विक्रीचे साहेब म्हणाले, “हा आमचा प्रश्न नव्हता.” मुंबईकर म्हणाला, “सर, प्रश्न होता खप का पडला. तो यामुळं पडला.” खोलीत उत्पादन विभागाच्या बाई होत्या, सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या. त्यांनी एक ताटली उचलली, उजेडात धरली आणि दुसरी हातात घेतलीच नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “मार्चचा माल बंद करावा लागेल.” पुढची पंधरा मिनिटं साहेब आणि बाई एकमेकांशीच बोलत होते. मुलांना चहा विचारायचं राहून गेलं.

मुंबईकराला तिथली जागा मिळाली नाही. तिघांच्या प्रमाणपत्रावर ‘ग्रामीण जनजागृती व जाहिरात आराखडा’ असं लिहून आलं.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये बीडकडे एकही गाडी निघाली नाही. त्या तिमाहीचा विक्रीचा आकडा पडला आणि साहेबांना वर उत्तर द्यावं लागलं. माल जूनच्या पहिल्या आठवड्यात आला, थर्माकोलच्या पेट्यांतून, आणि दुकानदारानं मागितला तेवढाच. उरलेला परत घेऊ असंही बिलावर छापलं होतं. बियाण्याच्या पिशवीबरोबर पुडा देणं बंद झालं.

आबांनी तो स्वतःहून मागून घेतला. कंपनीचा नवा प्रतिनिधी पेरणीच्या दिवशी रानात आला होता. मधल्या सहा ओळी पुड्याशिवाय पेरलेल्या पाहून म्हणाला, “आबा, एवढं सगळं सुधारलं, आता तरी विश्वास ठेवा की.” आबा म्हणाले, “लेकरा, इश्वास हाय म्हणून तर पुडा इकत घेतला.” आणि खुंट ठोकायला वाकले.

दीड महिन्यानं दोन्हीकडची झाडं धुऊन बघितली. यंदा फरक होता. फार मोठा नव्हता, त्या रानात मुळातले जिवाणू होतेच. पण मुळ्या शेजारी ठेवल्या की कुणालाही दिसेल इतका होता. आबांनी तो चार घरांना सांगितला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी दुकानात पुडे कमी पडले. त्या वर्षीही आबांच्या रानातल्या सहा ओळी कोऱ्याच होत्या.